नाहीतरी फेकूनच देतात ना?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 37, थोरली मुलगी आठ वर्षांची, आता सतरावा आठवडा चालू. एनआयपीटी या रक्ततपासणीत डाऊन सिंड्रोमसाठी 'हाय रिस्क' आलं म्हणून येत्या गुरुवारी पुण्यात गर्भजल परीक्षा ठरली आहे. वेळ घ्यायला गेल्या तेव्हा तळमजल्यावर एका कंपनीचं टेबल होतं. तिथल्या 'काउन्सेलर' मुलीने माहितीपत्रक हातात दिलं. गर्भजलातले स्टेम सेल काढून गोठवून ठेवायचे, पुढेमागे बाळाचं हृदय, यकृत, मेंदू काहीही दुरुस्त करायला ते कामी येतील. सुई टोचणारच आहेत, थोडं जास्त पाणी काढलं की झालं, नाहीतरी ते फेकूनच देतात. सव्वा लाख रुपये, हप्त्यांची सोय. न्यू जर्सीतल्या दिरांचं म्हणणं, इकडे गुडघ्यात याचीच इंजेक्शनं देतात, बाबांच्या गुडघ्यांचंही काम होईल, अर्धे पैसे मी घालतो. सासूबाई म्हणतात, बाळाच्या बाबतीत पैशाचं तोंड बघू नये. यजमान म्हणतात, तू म्हणशील तसं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "उद्या बाळाला काही झालं आणि मीच नको म्हटलं होतं असं निघालं, तर आरशात कशी बघू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन पानांपैकी अडीच पानं कंपनी, हप्ते, दीर आणि सासऱ्यांचे गुडघे यांनी भरली आहेत. ज्या तपासणीसाठी गुरुवारी पुण्याला जायचं आहे तिच्याबद्दल एकच ओळ आहे: "रिपोर्टचं काय व्हायचं ते होईल." ती ओळ मी बाजूला काढून ठेवली आहे. शेवटी तिच्याकडे येऊ. आधी त्या टेबलाचा निकाल लावू.

मी डॉक्टर नाही. गुणसूत्रं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होते. गर्भजलाच्या नळ्या रोज हातातून जायच्या. म्हणून त्या मुलीच्या 'फेकूनच देतात' या शब्दापाशीच मी अडकले.

तुमच्या पोटातून साधारण 15 ते 20 मिलिलिटर पाणी काढतील. सतराव्या आठवड्यात आत एकूण दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे काढलेलं पाणी दहाव्या हिश्शाच्या जवळपास झालं. ते पुन्हा भरून येतं, काळजी नको. पहिला एक-दोन मिलिलिटर वेगळा काढतात, कारण सुई आत जाताना आईच्या पेशी त्यात आलेल्या असू शकतात. उरलेली नळी आमच्याकडे यायची. रंग लिंबाच्या पातळ सरबतासारखा. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वरचं पाणी निवळशंख होतं आणि नळीच्या टोकाला खसखशीच्या दोन-चार दाण्यांएवढा पांढुरका साका बसतो. सगळा ऐवज तेवढाच. त्यातल्याही बहुतेक पेशी मेलेल्या असतात. बाळाच्या कातडीवरून, श्वासनलिकेतून, मूत्रमार्गातून गळून पडलेल्या. हो, मूत्रमार्गातून. माहितीपत्रकात ज्याला 'जीवनामृत' म्हटलं आहे त्याचा मोठा भाग म्हणजे बाळाची शू असते. यात कमीपणा काही नाही. बाळ ते गिळतं, पुन्हा बाहेर टाकतं, त्यातूनच त्याची फुप्फुसं नि आतडी तयार होतात. पण अमृत वगैरे शब्द दिसले की मी आधी पाकीट घट्ट धरते.

त्या साक्यातल्या जिवंत पेशी आम्ही दोन-तीन फ्लास्कमध्ये वाटून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचो. आठ-दहा दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तळाला बेटं धरली का. धरली की जीव भांड्यात. वेगवेगळे फ्लास्क अशासाठी, की एकात जंतू शिरले किंवा पेशी वाढल्याच नाहीत तर दुसरा हाताशी असावा. दुसऱ्या फ्लास्कने रिपोर्ट वाचवल्याचे दिवस मला आठवतात. नाहीतर त्या बाईला पुन्हा बोलवा, पुन्हा सुई. तेव्हा त्यातल्या पेशींत फेकायला काढलेलं असं काही नसतं. त्या नळीवर पहिला आणि शेवटचा हक्क तुमच्या तपासणीचा. तिच्यात कंपनीचा वाटा काढणं किंवा तिच्यासाठी जादा पाणी ओढणं, दोन्हींना स्पष्ट नाही म्हणा.

आता स्टेम सेलबद्दल. त्या मुलीने सगळंच खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. गर्भजलात स्टेम सेल असतात, आणि त्यांची गोष्ट खरोखर सुरस आहे. 2003 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी अशा पेशी असल्याच्या खुणा दाखवल्या. जानेवारी 2007 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे अँथनी अटाला, पाओलो डी कोप्पी आणि सहकाऱ्यांनी त्या पेशी वेगळ्या काढून वाढवून दाखवल्या. गर्भजलातल्या शंभरात एखादीच पेशी तशी, पण वाढायला लागली की दर 36 तासांनी दुप्पट. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाडाच्या, चरबीच्या, स्नायूच्या, रक्तवाहिन्यांच्या, यकृतासारख्या आणि मज्जापेशींसारख्या पेशी तयार झाल्या. उंदरांत सोडल्यावर गाठी झाल्या नाहीत. त्या वेळी अमेरिकेत भ्रूणातल्या स्टेम सेलवरून मोठा वाद पेटलेला होता. भ्रूण न मोडता तशाच कामाच्या पेशी मिळतात म्हटल्यावर जगभर पहिल्या पानावर बातम्या आल्या. आमच्या प्रयोगशाळेतही कुणीतरी कात्रण भिंतीला चिकटवलं होतं. आपण रोज ओतून देतो त्या वरच्या पाण्याकडे आम्ही आठवडाभर आदराने बघत होतो, आणि आठवड्याने कळलं की पेशी वरच्या पाण्यात नसतातच, खाली साक्यात असतात.

ती बातमी आली तेव्हा जन्मलेली मुलं आज कॉलेजात आहेत. एवढ्या वर्षांत गर्भजलातल्या स्टेम सेलचा एकही मान्यताप्राप्त उपचार बाजारात आलेला नाही. प्राण्यांवरचे प्रयोग भरपूर आहेत, काही आशादायकही आहेत. पण 'बाळाचं हृदय दुरुस्त होईल' आणि 'उंदराच्या हृदयावर प्रयोग चालू आहेत' यांत जे अंतर आहे, त्याचेच सव्वा लाख मागितले जात आहेत.

या क्षेत्रात खरं काम कुठे चाललं आहे तेही सांगते, म्हणजे मी नुसती नन्नाचा पाढा लावणारी म्हातारी वाटणार नाही. मार्च 2024 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाने, त्यात तेच डी कोप्पी होते, बारा गरोदर स्त्रियांच्या गर्भजलातल्या पेशींपासून फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतड्याच्या अगदी बारीक प्रतिकृती वाढवल्या. ऑर्गनॉइड म्हणतात त्यांना. काही बाळांना श्वासपटलात भोक असण्याचा जन्मजात दोष असतो, पोटातले अवयव छातीत चढतात आणि फुप्फुसं नीट वाढत नाहीत. अशा बाळांच्या पेशींपासून केलेल्या प्रतिकृती निरोगी बाळांपेक्षा वेगळ्या वाढल्या. म्हणजे बाळ पोटात असतानाच त्याचं फुप्फुस कितपत बिघडलं आहे हे बाहेर बघण्याची वाट दिसू लागली. मला यातलं आवडलं ते हे, की तपासणीसाठी किंवा उपचारासाठी जे पाणी तसंही काढायचंच होतं, त्यातूनच हे काम झालं. तळमजल्यावर टेबल टाकावं लागलं नाही.

गर्भाच्या बाजूच्या गोष्टींपैकी आज खरोखर कामी येते ती पाण्याभोवतीची पिशवी, गर्भवेष्टन. कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. भाजलेल्या जखमेवर आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या शस्त्रक्रियेत तो वापरतात आणि ते चांगलं रुळलेलं काम आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी 1988 पासून आहे. तिथे दान आलेली वेष्टनं सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांच्या मलमपट्टीसाठी दिली जातात. त्यात जिवंत पेशींची जादू नाही. पापुद्रा जखम झाकतो, ठणका कमी करतो, खाली नवी कातडी धरू देतो. माहितीपत्रकवाले पुष्कळदा या पापुद्र्याचं यश पाण्याच्या खात्यावर मांडतात. तुमच्या पत्रकातला 'जखमा भरण्यात सिद्ध' हा मुद्दा तिथलाच असावा.

आणि कायदा. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार साठवण्याची परवानगी आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताची. नाळेचा तुकडा, वार, दात, मासिक पाळीचं रक्त आणि असं बाकीचं काहीही व्यापारी तत्त्वावर साठवायला मुभा नाही. कंपनीने परवाना दाखवलाच तर तो कशाचा आहे ते वाचा, बहुधा नाळेच्या रक्ताचा निघेल. दुसरं, गर्भजल परीक्षा कशासाठी करायची हे आपल्या कायद्यात लिहिलेलं आहे. गुणसूत्रांचे दोष, आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं आणि अशी मोजकी कारणं. 'स्टेम सेल साठवणे' हे त्यात नाही. गर्भजल परीक्षा या शब्दाची महाराष्ट्रात काय अवस्था झाली होती ते तुमच्या सासूबाईंना विचारा. ऐंशीच्या दशकात त्याचा अर्थ एकच होता, मुलगा की मुलगी. 1988 मध्ये देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, मग 1994 मध्ये केंद्राचा आला. मी कामाला लागले तेव्हाही 'ताई, नुसतं हो की नाही सांगा' असे फोन यायचे. म्हणून या सुईभोवती कुणी दुकान मांडलं की माझं डोकं जरा लवकर तापतं, एवढं समजून घ्या.

आता तुमच्या आरशाच्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही मनात असं धरून चालला आहात की साठवलं तर बाळ सुरक्षित आणि नाही साठवलं तर उघडं. जरा कागदावर मांडून बघा. रिपोर्ट 46 गुणसूत्रांचा, निर्दोष आला, तर ज्यासाठी धास्ती घेतली ते संपलं. आणि 47 चा आला तर? डाऊन सिंड्रोममध्ये ते जादाचं गुणसूत्र सहसा बाळाच्या प्रत्येक पेशीत असतं. गर्भजलातल्या पेशी बाळाच्याच, तेव्हा गोठवलेल्या नळीतही तेच 47. त्या नळीने ते गुणसूत्र कमी होणार नाही. ज्या भीतीपोटी तुम्ही त्या टेबलाशी थांबलात तिला ही खरेदी दोन्ही बाजूंनी स्पर्श करत नाही. हे त्या मुलीने सांगितलं नाही, बहुधा तिलाही कुणी सांगितलेलं नसेल. तिला महिन्याकाठी इतकी नावं आणायची असतात.

'नको म्हटलं होतं असं निघालं तर' हे वाक्य तुमचं नाही, ते विकणाऱ्यांचं आहे. पोटातल्या बाळाची आई ही जगातली सगळ्यात सोपी गिऱ्हाईक. तिला भाव करायचीही लाज वाटते. माझ्या मुलीच्या वेळी माझ्याच हातात नाळेच्या रक्ताचा फॉर्म होता आणि मीही अर्धा भरला होता. नवऱ्याने हप्त्याचा आकडा मोठ्याने वाचला तेव्हा भानावर आले.

सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विषय वेगळा आहे, तो बाळाच्या पोतडीत घालू नका. दिरांचं एक खरं आहे, अमेरिकेत अशी इंजेक्शनं विकली जातात. पण विकली जाणं म्हणजे मान्यता नव्हे. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वच्छ बजावलं आहे की गर्भजल, नाळेचं रक्त वगैरेंपासून केलेल्या कुठल्याही उत्पादनाला सांध्यांच्या आजारासाठी मान्यता नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2019 मध्ये बाजारातली गर्भजलाची सात उत्पादनं तपासली, त्यांत ज्या स्टेम सेलच्या नावावर ती विकली जात होती त्या सापडल्याच नाहीत. आणि 2018 मध्ये तिथे नाळेच्या रक्तापासून केलेल्या इंजेक्शनांनी बारा जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात भरती करावं लागलं. हे गर्भजलाचं नव्हतं, तरी दुकान त्याच गल्लीतलं. आपल्याकडे 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी बंगळुरूच्या एका कंपनीच्या पेशींच्या इंजेक्शनला औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली हेही खरं आहे. पण त्या पेशी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या, रीतसर चाचण्या होऊन आलेल्या, आणि झिजेच्या मधल्या टप्प्यासाठी. नातवाच्या नावाने गोठवलेल्या नळीशी त्याचा काही संबंध नाही.

दिरांशी बोलताना वाद नको. तिकडे दूर बसून आईवडिलांसाठी काहीतरी करायची तळमळ आहे, ती पैशाच्या रूपाने बाहेर येते. सरळ म्हणा, "भाऊजी, इथे याला परवानगी नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी तुमच्याकडच्या सरकारनेही मान्यता दिलेली नाही. तुमचे पैसे बाबांनाच द्या." त्यातून चांगल्या अस्थितज्ज्ञाकडे नेऊन उभ्याने काढलेला एक्स-रे, तीन महिने फिजिओथेरपी, घरात कमोड आणि हाताने धरायचा दांडा एवढं सहज होईल. झीज शेवटच्या टप्प्याला गेली असेल तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेलाही हातभार लागेल. काठी वापरत असतील तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला सांगा. दहातले आठ जण चुकीच्या हातात धरतात, हा माझा बसस्टॉपवरचा अभ्यास.

आठव्या महिन्यात आणखी एक टेबल भेटेल, नाळेच्या रक्ताचं. त्याला परवानगी आहे म्हणून ते जास्त गोंधळात टाकतं. नाळेच्या रक्ताचा उपचार खरा आहे. 1988 मध्ये पॅरिसमध्ये एका मुलाला त्याच्या बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन रक्ताचा एक आनुवंशिक आजार बरा केला, तेव्हापासून तो चालू आहे. पण त्यातला शब्द नीट बघा, बहिणीच्या. स्वतःचं साठवलेलं स्वतःलाच लागण्याची शक्यता पहिल्या वीस वर्षांत अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मांडली आहे. थॅलेसेमियासारखा आजार असेल तर बाळाच्या रक्तात तोच दोष असल्याने ते त्याला चालतही नाही. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल तर गोष्ट निराळी. तिथे रक्तविकारतज्ज्ञच पुढच्या बाळाच्या नाळेचं रक्त राखायला सांगतात, आणि त्यांनी सांगितलं तर जरूर राखावं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. उलट डॉक्टरांना एवढं विचारा की बाळ रडल्यावर नाळ लगेच न कापता एखाद-दोन मिनिटं थांबता येईल का. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. तेवढ्यात वारेतलं सुमारे 80 मिलिलिटर रक्त बाळाच्या अंगात जातं, पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. पेढीला रक्त भरपूर हवं असतं, म्हणून तिथे नाळ लवकर कापायची घाई होऊ शकते. बाळाचंच रक्त आहे, ते बाळात गेलेलं बरं, फुकटही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी असंच एखादं पत्रक हातात घेऊन बसलं असेल, तर विकणाऱ्याला तोंडी विचारत बसू नका, लेखी मागा. नेमक्या कुठल्या आजारासाठी, किती माणसांवर (उंदरांवर नव्हे), आणि ते कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. परवाना कशाचा आहे. कंपनी बुडाली तर नळ्यांचं काय. आणि कुणी स्टेम सेलच्या 'चाचणीत' सहभागी करून घेतो म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा. रीतसर चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आणि ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नावानिशी असते, इंटरनेटवर कुणालाही बघता येते.

आता ती एक ओळ. "रिपोर्टचं काय व्हायचं ते होईल."

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. एनआयपीटीमधलं 'हाय रिस्क' हे निदान नव्हे, म्हणून तर गुरुवारची परीक्षा. पण तुमच्या वयात ते झटकून टाकण्यासारखंही नाही. मला वाटतं, हे तुम्हाला आतून माहीत आहे, आणि म्हणूनच ते टेबल इतकं बरं वाटलं. तिथे निदान काहीतरी ठरवता येत होतं, सही करता येत होती. रिपोर्टपुढे काहीच करता येत नाही असं वाटतं. तसं नाही. तिथेही करण्यासारखं आहे, फक्त ते विकत मिळत नाही.

गुरुवारच्या आधी एक संध्याकाळ यजमानांबरोबर काढा. 'तू म्हणशील तसं' हे बोलायला गोड आहे, पण अशा वेळी सगळं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर टाकणारं आहे. त्यांना विचारा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, मी म्हणेन ते नको. दोन्ही रिपोर्ट आलेत असं धरून बोला. निर्णय त्याच दिवशी करायचा नाही, नुसतं बोलायचं. जनुकीय समुपदेशकाची वेळ मागा. तो रुग्णालयाचा असतो, टेबलावरचा नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल कसं वाढतं, हृदयाची तपासणी काय सांगेल, मदत कुठे मिळते, आणि गर्भपाताचा विचार आलाच तर कायद्याच्या मुदती काय, हे सगळं एकाच बैठकीत विचारा. 2021 च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही परवानगी मिळू शकते. त्यासाठी संमती फक्त तुमची लागते, सासूबाईंची नाही, यजमानांचीही नाही. काय करावं हे मी सांगणार नाही. बाळ ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या, दोन्ही बायका मी त्या बाकड्यावर बघितल्या आहेत आणि दोघींबद्दल माझ्या मनात सारखाच आदर आहे. सासूबाईंना तपासणीचं खरं कारण अजून सांगितलं नसेल तर ते कधी सांगायचं हेही दोघांनी मिळून ठरवा.

आणि गुरुवारचं बारीकसारीक. तुमचा रक्तगट पत्रात नाही. निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, डॉक्टरांना आठवण करा. संमतीचा फॉर्म मराठीत मागा, त्याची प्रत घ्या, तो तुमचा हक्क आहे. सहीच्या कागदांच्या चळतीत कंपनीचा कागद सरकवलेला नाही ना, तेवढं बघून घ्या. प्राथमिक निकाल दोन-तीन दिवसांत आणि संपूर्ण गुणसूत्रांचा दोन-तीन आठवड्यांत येतो, दोन्ही मिळणार का ते विचारा. सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका दोनशेत एकाहून कमी आहे. बोट टोचून रक्त काढतात त्याहून ही सुई थोडी जास्त दुखते, मग पोटात ओढल्यासारखं होतं. आत बाळ दूर आहे ना हे पडद्यावर सतत बघत असतात. त्या दिवशी एसटीने परत जायची घाई नको, पुण्यात कुणाकडे तरी मुक्काम करा. दोन दिवस लेकीला कडेवर घ्यायचं नाही, आठ वर्षांची झाली तरी ती मागतेच. पाणी जायला लागलं, रक्त दिसलं किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता फोन.

रिपोर्ट आला की मला दोन ओळी लिहा. छापणार नाही.